लहान ईथरनेट स्विच चिपवर व्हीलॅनची मांडणी: बेळगाव परिसरातील नवख्या तंत्रज्ञांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींत एखाद्या लहान यंत्रशाळेचे जाळे पाहिले, तर बहुतेक वेळा चित्र सारखेच असते. बिलिंगचा संगणक, सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) यंत्रांचे कंट्रोलर आणि शेडमधले कॅमेरे एकाच स्विचला जोडलेले असतात आणि ते सर्व एकमेकांना दिसत असतात. सीएनसीच्या जुन्या कंट्रोलरमधील प्रणालीला सुरक्षा-सुधारणा मिळणे कधीच थांबलेले असते. अशा वेळी हिशेबाच्या संगणकात पेनड्राइव्हवरून आलेला एखादा व्हायरस थेट यंत्रापर्यंत पोहोचू शकतो. निपाणीतील पतसंस्थेत किंवा खानापूरच्या शाळेत यंत्रांच्या जागी दुसरी उपकरणे असतील, पण अडचण हीच असते. प्रत्येक गटासाठी वेगळा स्विच विकत घेणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय म्हणजे आहे त्याच स्विचचे आतून भाग पाडणे. या भागांना व्हीलॅन, म्हणजे आभासी लॅन, म्हणतात. ज्याने आजवर केवळ तारा जोडल्या आहेत आणि आता प्रथमच चिपच्या पातळीवर व्हीलॅन मांडायचे आहेत, त्याच्यासाठी हा लेख आहे.

उदाहरणासाठी मीडियाटेकची एमटी७५३० ही चिप घेतली आहे, कारण एमटी७६२१ या प्रोसेसरवर चालणाऱ्या असंख्य राउटरांमध्ये ती आढळते आणि त्यांपैकी अनेकांवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली बसवता येते. रियलटेक, क्वालकॉम किंवा मायक्रोचिपच्या चिपांतही मूळ विचार तोच आहे. जेथे फरक महत्त्वाचा आहे तेथे तो सांगितला आहे.

चिप फ्रेमचे काय करते

आयट्रिपलईच्या ८०२.१क्यू या मानकाची पहिली आवृत्ती १९९८ ची आहे. त्यानुसार ईथरनेट फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या एका पुडक्यात, पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यानंतर (उपकरणाच्या हार्डवेअरचा पत्ता) ४ बाइटचा एक टॅग घातला जातो. त्यातील पहिले २ बाइट हेक्साडेसिमल ८१०० असतात आणि ‘पुढे टॅग आहे’ एवढेच सांगतात. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ बिट प्राधान्यासाठी असतात, १ बिट गर्दीच्या वेळी फ्रेम टाकून देण्यास हरकत आहे की नाही हे सांगतो आणि १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. १२ बिटांत ० ते ४०९५ असे क्रमांक बसतात. त्यांतील ० आणि ४०९५ राखीव असल्याने वापरण्याजोगे क्रमांक १ ते ४०९४ एवढे उरतात. टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट होते. दोन स्विचांच्या मध्ये एखादे फार जुने उपकरण असेल, तर लहान पिंग (जोडणी तपासणारा संदेश) जातो आणि मोठी फाइल अडकते, त्यामागे हेच कारण असू शकते.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘हे पोर्ट व्हीलॅन २० मध्ये घाला’ हे वाक्य आपण सहज बोलतो, पण चिपच्या दृष्टीने ती एक आज्ञा नसून तीन स्वतंत्र निर्णय असतात. पहिला निर्णय सदस्यत्वाचा: कोणत्या क्रमांकाच्या फ्रेम या पोर्टवर येऊ-जाऊ शकतात. दुसरा निर्णय पीव्हीआयडीचा: टॅग नसलेली फ्रेम या पोर्टवरून आत आली तर तिला कोणता क्रमांक द्यायचा. तिसरा निर्णय बाहेर जाण्याचा: फ्रेम या पोर्टवरून निघताना टॅग ठेवायचा की काढायचा. हे तीन निर्णय वेगवेगळ्या रजिस्टरांत (चिपमधील नोंदींच्या लहान जागांत) राहतात आणि ते परस्परांशी जुळतात की नाही हे चिप तपासत नाही. पोर्टला व्हीलॅन २० चे सदस्य केले, टॅग काढण्यासही सांगितले, पण पीव्हीआयडी मात्र १ च ठेवला, तर यंत्राकडे जाणाऱ्या फ्रेम व्यवस्थित पोहोचतात आणि यंत्राकडून येणाऱ्या फ्रेम व्हीलॅन १ मध्ये जातात. दिवा लुकलुकत राहतो, कुठेही त्रुटी दिसत नाही, आणि तरीही संवाद होत नाही. नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ येथेच जातो; म्हणून प्रत्येक पोर्टसाठी ही तीन उत्तरे आधी कागदावर लिहिण्याचा आग्रह मी धरतो.

चौथी एक गोष्ट या तिन्हींना वेढून असते, ती म्हणजे आत येताना होणारी तपासणी. एमटी७५३० मध्ये प्रत्येक पोर्टला चार पद्धती असतात; त्यांतील तीन येथे पाहू. पोर्ट मॅट्रिक्स पद्धतीत व्हीलॅनचा तक्ता विचारातच घेतला जात नाही. कोणते पोर्ट कोणत्या पोर्टला फ्रेम देऊ शकते, एवढाच नकाशा पाहिला जातो. फॉलबॅक पद्धतीत तक्ता पाहिला जातो, पण क्रमांक तक्त्यात सापडला नाही तर पुन्हा त्या नकाशाचा आधार घेतला जातो. सर्वांत कडक असलेल्या सिक्युरिटी पद्धतीत क्रमांक तक्त्यात नसेल किंवा आत येणारे पोर्ट त्या क्रमांकाचे सदस्य नसेल, तर फ्रेम टाकून दिली जाते. गट वेगळे ठेवणे हाच उद्देश असेल तर सिक्युरिटी पद्धतच निवडावी. फॉलबॅकवर सर्व काही ‘चालते’, आणि म्हणूनच ती पद्धत धोक्याची आहे.

पहिली पायरी: कागदावरची मांडणी

यंत्रशाळेसाठी आपण तीन क्रमांक ठरवू: कार्यालयासाठी १०, यंत्रांसाठी २० आणि कॅमेऱ्यांसाठी ३०. व्हीलॅन १ हा कारखान्यातून येणारा मूळ क्रमांक असल्याने त्यात कामाचे कोणतेही उपकरण ठेवू नये. येथे तो केवळ देखभालीसाठी ठेवला आहे.

चिपची पोर्टे अशी वाटू:

पोर्ट ०: कार्यालय, पीव्हीआयडी १०, टॅग काढायचा.
पोर्ट १: यंत्रे, पीव्हीआयडी २०, टॅग काढायचा.
पोर्ट २: कॅमेरे, पीव्हीआयडी ३०, टॅग काढायचा.
पोर्ट ३: दुसऱ्या शेडमधील स्विचकडे जाणारी ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी एकच तार), १०, २० आणि ३० हे तिन्ही क्रमांक टॅगसह.
पोर्ट ४: देखभालीसाठी राखीव, पीव्हीआयडी १, टॅग काढायचा.
पोर्ट ६: चिप आणि प्रोसेसर यांना जोडणारे आतील पोर्ट; १, १०, २० आणि ३० हे सर्व क्रमांक टॅगसह.

पोर्ट ५ या मांडणीत वापरलेले नाही. इंटरनेटची तार चिपच्या बाहेर, प्रोसेसरच्या स्वतंत्र जोडणीवर येते असे येथे गृहीत धरले आहे, म्हणून ती या यादीत नाही.

दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. पोर्ट ६ डोळ्यांना दिसत नाही, त्याला बाहेर खोबण नसते, आणि म्हणूनच ते विसरले जाते. प्रोसेसर त्या व्हीलॅनचा सदस्य नसेल तर डीएचसीपीचा (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेचा) पत्ता मिळत नाही, इंटरनेट मिळत नाही आणि स्विचच्या व्यवस्थापन-पानापर्यंतही पोहोचता येत नाही. दुसरे म्हणजे, डब्यावर छापलेले ‘लॅन १’ हे चिपचे पोर्ट १ असेलच असे नाही. अनेक बोर्डांवर हा क्रम उलटा असतो. तार एका खोबणीत घालावी, कोणत्या पोर्टची जोडणी सुरू झाली ते प्रणालीत पाहावे आणि प्रत्यक्ष आढळलेला क्रमांक कागदावर लिहावा. सीमाभागातील शेडमध्ये मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणारे कामगार असतात, तेव्हा खोबणीवरची पट्टी दोन्ही लिपींत लिहावी. रात्रपाळीत कोणी तार काढून चुकीच्या खोबणीत घातली, तर केलेले सर्व विभाजन वाया जाते.

दुसरी पायरी: सदस्यत्वाचे आकडे

चिपच्या तक्त्यात सदस्यत्व एका आकड्याने लिहिले जाते, ज्यात प्रत्येक पोर्टसाठी एक बिट असतो. पोर्ट ० साठी १, पोर्ट १ साठी २, पोर्ट २ साठी ४, पोर्ट ३ साठी ८, पोर्ट ४ साठी १६ आणि पोर्ट ६ साठी ६४, अशी किंमत धरून बेरीज करायची. व्हीलॅन २० मध्ये पोर्ट १, ३ आणि ६ आहेत, म्हणून आकडा २ + ८ + ६४ = ७४, हेक्साडेसिमलमध्ये ४ए. त्याच रीतीने व्हीलॅन १० चा आकडा ७३, व्हीलॅन ३० चा ७६ आणि व्हीलॅन १ चा ८० येतो. लिनक्सच्या आज्ञा वापरणार असाल तर ही बेरीज स्वतः करावी लागत नाही, तरीही ती एकदा हाताने करून पाहावी, कारण पुढे काही बिघडले आणि रजिस्टर वाचण्याची वेळ आली, तर समोर दिसणारा ७४ हा आकडा आपल्याशी बोलू लागतो.

टॅग काढण्याची नोंद मात्र सर्व चिपांत एकसारखी नसते. एमटी७५३० मध्ये ती प्रत्येक व्हीलॅनमध्ये प्रत्येक पोर्टसाठी २ बिटांची असते: ० म्हणजे टॅग काढा, २ म्हणजे टॅग ठेवा. याचा अर्थ असा की हे रजिस्टर शून्यच राहू दिले तर ट्रंकवरूनही टॅग काढला जातो आणि पलीकडच्या स्विचला फ्रेम कोणत्या गटाची आहे हे कळतच नाही. मायक्रोचिपच्या केएसझेड८७९५ मध्ये टॅग काढायचा की ठेवायचा हे पोर्टनिहाय ठरते, व्हीलॅननिहाय नाही. त्यामुळे एकाच पोर्टवर एक व्हीलॅन टॅगसह आणि दुसरे टॅगविना अशी मिश्र मांडणी तेथे करू नये. रियलटेकच्या आरटीएल८३६६आरबी मध्ये आणखी वेगळा प्रकार आहे. तेथे ४०९६ नोंदींच्या मोठ्या तक्त्याशिवाय १६ नोंदींचा एक लहान तक्ता असतो आणि पोर्टच्या पीव्हीआयडीच्या जागी व्हीलॅनचा क्रमांक नव्हे, तर या लहान तक्त्यातील ओळीचा क्रमांक लिहावा लागतो. आपली चिप कोणती आहे हे डबा उघडून तिच्यावरचे अक्षर वाचूनच निश्चित करावे. डब्याचे मॉडेल तेच राहून आतील चिप बदललेली असते, असे पुष्कळदा घडते.

तिसरी पायरी: चिपमध्ये नोंद लिहिणे

चिपपर्यंत पोहोचण्याचा मार्ग बहुधा एमडीआयओ ही दोन तारांची जोडणी असते, काही चिपांत एसपीआय असते. मूळ एमडीआयओ पद्धतीत उपकरणाच्या पत्त्यासाठी ५ बिट, रजिस्टरच्या पत्त्यासाठी ५ बिट आणि माहितीसाठी १६ बिट असतात. एवढ्या लहान जागेत ४०९६ ओळींचा तक्ता थेट मावणार नाही, म्हणून तो आडमार्गाने लिहिला जातो: आधी माहितीच्या रजिस्टरांत सदस्यत्व आणि टॅगची नोंद ठेवायची, मग आज्ञेच्या रजिस्टरात व्हीलॅनचा क्रमांक आणि ‘लिही’ असा संकेत द्यायचा, आणि शेवटी व्यग्रतेचा बिट शून्य होईपर्यंत थांबायचे. हा बिट न पाहता पुढची नोंद लिहायला घेतली तर आधीची नोंद अर्धवट राहू शकते. नोंद ‘वैध’ असल्याचा बिटही लावावा लागतो. तो राहिला तर बाकी सर्व अचूक असूनही चिप त्या ओळीकडे पाहत नाही.

लिनक्समध्ये स्विच चिपा हाताळणाऱ्या डीएसए व्यवस्थेत हे काम ड्रायव्हर करतो. ही व्यवस्था लिनक्समध्ये २००८ सालापासून आहे आणि ओपनडब्ल्यूआरटीने २१.०२ या आवृत्तीपासून अनेक उपकरणांवर जुन्या स्विचकॉन्फिगच्या जागी ती आणली. तिच्यात चिपचे प्रत्येक पोर्ट लॅन १, लॅन २ अशा स्वतंत्र नावाने दिसते. या पोर्टांचा मिळून एक ब्रिज, म्हणजे एकत्र जोडलेला गट, करायचा आणि त्या ब्रिजवर व्हीलॅन फिल्टरिंग सुरू करायचे, असा क्रम असतो. ‘ब्रिज व्हीलॅन अ‍ॅड’ या आज्ञेत पोर्टचे नाव, क्रमांक आणि त्यापुढे ‘पीव्हीआयडी’ व ‘अनटॅग्ड’ असे दोन स्वतंत्र शब्द द्यावे लागतात. वर सांगितलेले तीन निर्णय येथे पुन्हा वेगवेगळे दिसतात. ट्रंकसाठी हे दोन्ही शब्द वगळायचे. प्रोसेसरसाठीची नोंद ब्रिजच्याच नावावर, ‘सेल्फ’ हा शब्द जोडून करायची. ती विसरली तर पोर्टे आपसांत बोलतात, पण राउटर मात्र कोणाशीच बोलत नाही.

येथे एक सापळा आहे. पोर्ट ब्रिजमध्ये घेतले की लिनक्स त्याला आपोआप व्हीलॅन १ चे सदस्यत्व देतो. व्हीलॅन २० जोडल्यावर जुने सदस्यत्व स्वतःहून जात नाही. ते ‘ब्रिज व्हीलॅन डेल’ या आज्ञेने काढावे लागते. शेवटी ‘ब्रिज व्हीलॅन शो’ ही आज्ञा द्यावी आणि समोर आलेली यादी कागदावरच्या मांडणीशी ओळीओळीने ताडून पाहावी.

चौथी पायरी: बदलांचा क्रम

ज्या तारेवरून आपण स्विचशी बोलत आहोत, तीच तार चुकीच्या नोंदीमुळे तुटू शकते. म्हणून आपला संगणक पोर्ट ४ ला, म्हणजे देखभालीच्या पोर्टला, जोडावा आणि सर्व काम संपेपर्यंत त्या पोर्टला हात लावू नये. आधी तक्त्यात चारही व्हीलॅन लिहावेत, प्रोसेसरच्या पोर्टचे सदस्यत्व तपासावे, नंतर एकेका पोर्टचा पीव्हीआयडी बदलावा आणि सिक्युरिटी पद्धत सर्वांत शेवटी लावावी. ही पद्धत आधी लावली आणि तक्ता रिकामा असला, तर चिप सर्व फ्रेम टाकून देईल. मग सिरियल कन्सोल (बोर्डाशी थेट बोलण्याची वेगळी जोडणी) किंवा रीसेटचे बटण यांशिवाय मार्ग उरणार नाही.

ट्रंकवर टॅग नसलेली फ्रेम येण्याचे कारणच नाही. रजिस्टर हाताने लिहीत असाल तर त्या पोर्टचा पीव्हीआयडी तक्त्यात नसलेल्या एखाद्या क्रमांकावर, समजा ९९९ वर, ठेवावा, म्हणजे सिक्युरिटी पद्धतीत अशी फ्रेम आपोआप गळून पडते.

दोन शेडमधली ही तार उघड्यावरून जात असेल तर तांब्याऐवजी फायबर घालावे, अशी माझी ठाम सूचना आहे. बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात वळीव आणि पावसाळा दोन्ही जोरात असतात. तांब्याच्या तारेतून येणारा विजेचा झटका दोन्ही टोकांच्या चिपा निकामी करू शकतो.

पाचवी पायरी: पत्ते आणि राउटर

व्हीलॅन वेगळे झाले की त्यांचे पत्तेही वेगळे हवेत. क्रमांक लक्षात राहावा म्हणून कार्यालयाला १९२.१६८.१०, यंत्रांना १९२.१६८.२० आणि कॅमेऱ्यांना १९२.१६८.३० ही मालिका द्यावी. राउटरमध्ये प्रत्येक व्हीलॅनसाठी स्वतंत्र इंटरफेस आणि कार्यालयासाठी डीएचसीपी ठेवावे. यंत्रे आणि कॅमेरे यांना स्थिर पत्ते देणे सोयीचे पडते.

चिपने गट वेगळे केले तरी राउटर त्यांना पुन्हा जोडू शकतो, हे विसरू नये. फायरवॉलमध्ये कार्यालयातील ज्या एका संगणकावरून सीएनसीचे प्रोग्राम पाठवले जातात, त्याच संगणकाला यंत्रांकडे जाण्याची परवानगी द्यावी. यंत्रांना इंटरनेटची आणि कॅमेऱ्यांना कार्यालयाची वाट बंद ठेवावी. हा नियम लिहिला नाही, तर व्हीलॅन असूनही सुरक्षेत फारसा फरक पडत नाही.

सहावी पायरी: तपासणी

बहुतेक जण जे चालायला हवे ते चालते की नाही एवढेच पाहतात. खरी तपासणी उलट बाजूची असते: जे चालायला नको ते खरोखर बंद आहे का? कॅमेऱ्यांच्या पोर्टला संगणक जोडावा, त्याला मुद्दाम यंत्रांच्या मालिकेतील पत्ता द्यावा आणि यंत्राला पिंग करावे. उत्तर आले तर चिपमधील विभाजन झालेलेच नाही. केवळ पत्ते वेगळे असल्यामुळे ते झाल्यासारखे वाटत होते. त्यानंतर लिनक्स संगणकावर व्हीलॅन १० चा टॅग लावणारा इंटरफेस तयार करून यंत्रांच्या पोर्टमधून टॅगसह फ्रेम पाठवावी. पोर्ट १ हे व्हीलॅन १० चे सदस्य नसल्याने ती फ्रेम आत येता कामा नये.

ट्रंकवरचे टॅग डोळ्यांनी पाहायचे असतील तर लिनक्सवर टीसीपीडंप हा फ्रेम दाखवणारा प्रोग्राम ‘ई’ हा पर्याय लावून चालवावा. विंडोजवर वायरशार्क हा तसाच प्रोग्राम लावला आणि टॅग दिसला नाही, तर लगेच स्विचला दोष देऊ नये. अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात.

बदल केल्यावर काही मिनिटे विचित्र वागणूक दिसली तर मॅक पत्त्यांचा तक्ता आठवावा. चिप शिकलेला पत्ता साधारणपणे ३०० सेकंद लक्षात ठेवते, आणि संगणकही जुन्या मालिकेतील डीएचसीपी पत्ता धरून बसतो. हा तक्ता रिकामा करावा, तार काढून पुन्हा लावावी आणि मगच निष्कर्ष काढावा.

सातवी पायरी: वीज जाऊन आल्यावर

साध्या स्विच चिपला स्वतःची कायमची स्मृती नसते. वीज गेली की तिचा तक्ता पुसला जातो आणि वीज आल्यावर प्रोसेसर किंवा जोडीला असलेली ईईप्रॉम ही स्मृती-चिप तो पुन्हा भरते. हेस्कॉमची (येथील वीज कंपनीची) वीज दुपारी जाऊन आली आणि सर्व गट पुन्हा एक झाले, असे आढळले तर नोंदी चालू स्थितीत लिहिल्या गेल्या, पण जतन झाल्या नाहीत, असे समजावे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये आज्ञा हाताने दिल्या असतील तर त्याच नोंदी नेटवर्कच्या कॉन्फिग फाइलमध्येही असल्या पाहिजेत.

याहून सूक्ष्म प्रश्न मधल्या काही सेकंदांचा असतो. अनेक चिपा वीज मिळताच साध्या स्विचसारख्या सर्व पोर्टे जोडून उठतात आणि प्रोसेसर सुरू होऊन तक्ता भरेपर्यंत तशाच राहतात. त्या अवधीत कार्यालयाच्या संगणकाने पत्ता मागितला आणि दुसऱ्या गटातील डीएचसीपीने तो दिला, तर तो संगणक चुकीचा पत्ता घेऊन बसतो. बूटलोडर (प्रोसेसरवर सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) सुरू होतानाच पोर्टे बंद ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर स्विचला लहान यूपीएस द्यावा, म्हणजे हा प्रसंगच क्वचित येईल.

काम पूर्ण झाल्यावर स्विचची वीज एकदा मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करावी आणि सहाव्या पायरीतील तपासणी, विशेषतः ‘बंद असायला हवे’ ती बाजू, पुन्हा करावी. ती यशस्वी ठरली की कॉन्फिग फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि कागदावरची मांडणी तारीख घालून स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवावी.